तीन बाय दोन की दोन बाय तीन, एकदा काय ते ठरवा!

रात्रीचा दीड वाजलाय. विश्रामबागेतली कुत्रीसुद्धा झोपली आणि मी अजून एका मात्रेत तीन स्वर बसवतोय. स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत तीन अक्षरांखाली कमान काढली की विषय संपला. पण शिकायला येणाऱ्या पोराला परीक्षेला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी हवी, म्हणून हे लिलीपाँड नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर. ह्यात स्वर काढायचे नसतात, आज्ञा टाइप करायच्या असतात.

जुन्या फाइलीत होतं 'टाइम्स 2/3', म्हणजे दोन स्वरांच्या वेळात तीन. बिचारं चालत होतं. आता म्हणे 'टपलेट' वापरा. वापरलं, 2/3 तसंच ठेवून. स्वरांच्या डोक्यावर 3 च्या जागी 2 छापून आला, स्वर आखडायचे सोडून फुगले आणि खाली तक्रार, 'बार चेक फेल्ड अ‍ॅट 5/16', म्हणजे आवर्तनाची रेघ चुकीच्या जागी पडली. पाच सोळांश! कुठल्या तालात असते हो ही जागा? झपताल वाजवणाऱ्याला विचारा, तबला उचलून घरी जाईल.

मग मदतीची पानं. जुनं पान म्हणतं, कालावधीला अपूर्णांकानं गुणा. नवं म्हणतं, वेगाला गुणा. म्हणजे आता 3/2. दोन्ही वाक्यं खरी, आणि एकमेकांच्या बरोबर उलटी! "बाबा रे, आकडे उलटे झालेत" एवढं ठळक अक्षरांत लिहायला कुणाचा हात मोडला होता?

त्यात स्वरांची नावं मुळात डच. पेटीवरची काळी तीन म्हणजे 'फिस'. सॉफ्टवेअर फुकट, पण फिस आहेच. त्या तीन स्वरांवरचा कंस नको असेल तर 'ओव्हरराइड' ही आज्ञा देऊन शेवटी दोन हॅश (#) आणि एफ. एक हॅश दिला की एरर. 'नको' म्हणायला दोन हॅश!

इन्व्हर्टरच्या पुस्तिकेतपण हेच. 'जोडणी सूचनांनुसार करावी.' अरे, सूचना म्हणजे हेच पुस्तक ना? मिक्सरच्या कागदावर सात भाषा, मराठी नाही. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारेचा नाद खुलवून घ्यायला गेलो होतो, तर कारागिरानं घोडीवर दोन हात कानस मारली, तारेखालचं सूत सरकवलं, तार छेडली आणि म्हणाला, "ऐका." संपलं मॅन्युअल.

आता खरं सांगायचं तर नव्या पानावर पहिल्याच उदाहरणात 3/2 छापलेलं होतं. मी ते न वाचता थेट खाली गेलो, कारण मला येतं सगळं. आणि माझी स्वतःची वही? त्यात लिहिलंय, 'इथून मागच्यासारखं, शेवट मात्र वेगळा.' मंगळवारी पोरानं विचारलं, "सर, कुठल्या मागच्यासारखं? आणि वेगळा म्हणजे कसा?" मी खेकसलो, "ऐकून कळतं ते!"

पण तरी. पाच सोळांश?