समेवरची रिकामी जागा

‘द पोलीस’ या रॉक बँडचा ‘रेगाटा द ब्लाँ’ (1979) हा अल्बम आणि जिम हेन्सन व फ्रँक ऑझ यांचा ‘द डार्क क्रिस्टल’ (1982) हा बाहुल्यांचा चित्रपट यांच्याविषयी चाहत्यांची भांडणे मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि दोन्हीकडची मुख्य तक्रार जवळजवळ एकाच शब्दात मांडली जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. अल्बमबद्दल म्हणतात की दोन गाजलेली गाणी वगळली तर तो रिकामा आहे, आणि चित्रपटाबद्दल म्हणतात की डोळे दिपतात पण कथा रिकामी आहे. ही तक्रार मला मुळातच उलटी वाटते. दोन्ही कलाकृतींचे खरे सामर्थ्य त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागांत आहे, आणि त्या जिथे कमी पडतात तिथे बहुतेक वेळा कर्त्यांना ती जागा मोकळी ठेवण्याचा धीर झालेला नाही.

आधी संगीताविषयी. हा अल्बम ज्या रेगे या जमैकन शैलीवर उभा आहे, तिचा ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका आपल्या परिभाषेत सांगायचा तर त्यात समेवर घावच पडत नाही. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा मोकळी जाते, पायाचा ड्रम तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि गिटार दोन मात्रांच्या मधल्या फटीत छाटल्यासारखी वाजते. ऐकणाऱ्याचे शरीर सम शोधत पुढे झुकते आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. तो झोका म्हणजेच रेगे. जमैकात 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्का आणि रॉकस्टेडी या शैलींतून हे संगीत घडले आणि बॉब मार्लीच्या ‘वेलर्स’ या बँडचा ड्रमवादक कार्लटन बॅरेट याने हा ठेका जगाच्या कानात बसवला. रॉकची सवय याच्या नेमकी विरुद्ध असते, कारण रॉकमध्ये पहिली मात्रा ठणकावून सांगितली जाते आणि उरलेली प्रत्येक जागा गिटारने भरून काढली जाते.

पोलीसमधल्या तिघांना ही दोन टोके एकत्र आणता आली, कारण ते तिघेच होते आणि तिघांनीही आपले वाद्य कमी वाजवायचे ठरवले होते. ‘वॉकिंग ऑन द मून’ हे गाणे एकदा हेडफोन लावून शांतपणे ऐका. स्टिंगच्या बेसवर मोजके तीन सूर येतात आणि थांबतात, मग अँडी समर्सचा एकच कॉर्ड पसरतो आणि तो विरेपर्यंत कोणी त्याच्या वाटेत येत नाही. त्या विरण्याच्या काळात ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीवर, अगदी बारीक, प्रतिध्वनीत भिजलेले आघात पेरत राहतो, आणि ते आघात जमिनीला टेकायचे विसरल्यासारखे तरंगत असतात. चंद्रावर चालण्याचे हलकेपण शब्दांनी सांगण्याच्या आधीच त्या अंतरांतून अंगात उतरलेले असते. हे गाणे आणि ‘मेसेज इन अ बॉटल’ ही दोन्ही ब्रिटनमध्ये त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेली, पण मला त्याहून मोठे वाटते ते हे की इतके विरळ गाणे लोकांनी इतक्या मोठ्या संख्येने आपले मानले.

अल्बमचे शीर्षकगीत हा याच धैर्याचा दुसरा पुरावा आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमांत ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’ या जुन्या गाण्याच्या मध्यात हे तिघे जो लांबण लावलेला, उत्स्फूर्त भाग वाजवत असत, त्यातून ते तयार झाले. त्यात अर्थपूर्ण शब्द नाहीत, केवळ स्वरांचे हुंकार आहेत, आणि त्यालाच पुढे सर्वोत्कृष्ट रॉक वाद्यसंगीताचे ग्रॅमी मिळाले. ‘द बेड्ज टू बिग विदाउट यू’ मध्ये तर विषय आणि रचना एकच होऊन जातात. पलंगावरची मोकळी बाजू हा गाण्याचा विषय आहे, आणि बेसच्या दोन ओळींमधली पोकळी हीच ती बाजू आहे.

आता ज्या आक्षेपाला मी मनापासून मान देतो त्याविषयी. गोऱ्या इंग्रज आणि अमेरिकन वादकांनी जमैकाचे संगीत उचलले, स्टिंगने तिथल्या उच्चारांची नक्कल केली आणि पैसा व कीर्ती मात्र यांना मिळाली, असे अनेक चाहतेही म्हणतात. उच्चारांबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे; ते आज कानाला खटकतात आणि तेव्हाही टाळता आले असते. ‘गोरा रेगे’ अशा अर्थाची फ्रेंचसारखी वाटणारी मोडतोड शीर्षकात वापरून त्यांनी स्वतः कुठून काय घेतले हे उघडपणे सांगितले, याने कर्ज फिटत नाही, पण निदान ते लपवलेले नाही. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. त्या काळच्या अनेक रॉक बँडनी रेगेतून फक्त गिटारचा छाटलेला ठेका घेतला आणि बाकी सगळी जागा नेहमीच्या गोंगाटाने भरली. पोलीसने रेगेमधली सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे न वाजवणे, शिकून घेतली. उसने घेणाऱ्याने मूळ वस्तूचा गाभा ओळखला की नाही, हे मी या कसोटीवर तपासतो, आणि तिथे हा अल्बम खरा उतरतो.

तो सगळीकडे खरा उतरतो असे मी म्हणणार नाही. शेवटचे ‘नो टाइम धिस टाइम’ हे आधी एका सिंगलच्या मागच्या बाजूला येऊन गेलेले गाणे आहे आणि ते भरतीला घेतल्यासारखेच वाटते. कोपलंडची गाणी मला आवडतात, पण त्यांची जागा दुसऱ्या अल्बमवर शोभली असती. त्यांचा नंतरचा ‘सिंक्रोनिसिटी’ (1983) हा अल्बम अधिक सफाईदार आहे, हे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला त्यात तो झोका सापडत नाही, एवढेच.

‘डार्क क्रिस्टल’ कडे मी याच कानांनी पाहतो, असे म्हटले तर चालेल. पडद्यावर एकही मानवी चेहरा नसलेला हा चित्रपट चित्रकार ब्रायन फ्राउडच्या चित्रांतून जन्माला आला. हजार वर्षांपूर्वी स्फटिक भंगला आणि दोन नव्या जाती अवतरल्या: गिधाडांसारखे लोभी स्केक्सिस आणि संथ, चार हातांचे मिस्टिक्स. गेलफ्लिंग या तिसऱ्या जातीतल्या जेन नावाच्या मुलाने स्फटिकाचा हरवलेला तुकडा परत बसवायचा, एवढीच कथा आहे. ती पातळ आहे हे खरे, पण हेन्सनला कथा सांगण्यापेक्षा एक जग दाखवायचे होते. मूळ योजनेत स्केक्सिस त्यांच्यासाठी घडवलेल्या भाषेत बोलणार होते आणि सबटायटलही नव्हते. चाचणी प्रदर्शनात प्रेक्षक गोंधळले, तेव्हा त्या बाहुल्यांच्या आधीच चित्रित झालेल्या तोंडांवर इंग्रजी संवाद नंतर बसवण्यात आले. मला त्या निर्णयामागची भीती समजते, कारण फार मोठा पैसा पणाला लागला होता. तरीही चित्रपटातली सर्वांत दुबळी वाक्ये नेमकी तीच आहेत जी आपल्याला आधीच दिसलेले पुन्हा सांगतात, आणि जेनची मनातली बडबड तर मी प्रत्येक वेळी कानाआड करतो. जेनचा चेहरा ताठ आहे ही तक्रारही खरी आहे, पण तो गप्प असतो आणि बासरी वाजवतो तेव्हा ते ताठपण मला कधी जाणवले नाही.

जिथे शब्द मागे सरतात तिथे हा चित्रपट किती उंच जातो, हे पाहायचे असेल तर स्केक्सिस सम्राटाचा मृत्यू पाहा. वाळलेल्या पानासारखा तो शय्येवर पडला आहे, सभोवती वारसदार टपलेले आहेत आणि त्यांच्यातला एक हळूच राजदंडाकडे हात नेतो. म्हातारा झटकन जागा होऊन तो दंड ओढून घेतो, मी अजून सम्राट आहे असे ओरडतो, आणि मग त्याचा चेहरा आतून ढासळत जातो, ठिसळ मातीच्या भांड्यासारखा तुकड्या-तुकड्यांनी गळून पडतो. त्याच वेळी दूर दरीत मिस्टिक्सचा वृद्ध गुरू कोणताही आक्रोश न होता विरून जातो. हे दोघे एकाच जिवाचे दोन भाग आहेत, हे तिथे कोणी उच्चारत नाही. दोन मृत्यू शेजारी ठेवले आहेत आणि मधला धागा प्रेक्षकाने जोडायचा आहे. लहान वयात मला तो जोडता आला नव्हता. काहीतरी भयंकर महत्त्वाचे घडले एवढेच कळले होते, आणि ते न कळणे कित्येक वर्षे माझ्या सोबत राहिले.

म्हणूनच या चित्रपटाची पूर्वकथा सांगणाऱ्या 2019 च्या दहा भागांच्या मालिकेवर माझे प्रेम असूनही ती माझ्या मनात मूळ चित्रपटाची जागा घेऊ शकली नाही. बाहुल्यांचे काम त्यात अधिक लवचीक आहे, पात्रे अधिक जिवंत आहेत, आणि ती एकाच पर्वानंतर बंद पडली याचे मला आजही वाईट वाटते. पण तिने प्रत्येक कुळाला नाव दिले, प्रत्येक कोपऱ्याला इतिहास दिला. मूळ चित्रपटात मिस्टिक्स दरी सोडून किल्ल्याकडे निघतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या चालीइतकाच संथ होतो. जड पावले, खालच्या पट्टीतला एकसुरी नाद, आणि दोन पावलांमध्ये बराच वेळ काहीच नाही. अनेक जण नेमका हाच भाग पुढे सरकवतात. मी मात्र तिथे आवाज थोडा वाढवतो.