पहिली भाषा म्हणून पास्कल का नको?

शाळेत प्रोग्रामिंग कोणत्या भाषेतून शिकवावे ही चर्चा हल्ली पायथॉनपासून सुरू होते आणि पायथॉनपाशीच संपते. त्या चर्चेत पास्कलचे नाव पुन्हा यावे असे मला वाटते, आणि त्यामागे स्मरणरंजन नाही. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये ही भाषा मांडली, ती मुख्यतः शिस्तशीर प्रोग्रामिंग शिकवता यावे म्हणून.

क्ष = क्ष + १ ही ओळ नुकतीच समीकरणे शिकलेल्या मुलासमोर ठेवली, तर हे खोटे आहे असे तो म्हणेल, आणि त्याचे बरोबरच आहे. पायथॉन, सी आणि जावा या तिन्हींत मात्र ती चलात मूल्य भरण्याची आज्ञा असते. पास्कलमध्ये त्यासाठी := ही वेगळी खूण आहे आणि नुसते बरोबरचे चिन्ह तुलनेसाठी राखून ठेवलेले आहे, त्यामुळे गणिताच्या तासाला शिकलेले इथे विसरावे लागत नाही. चलाच्या नावात एखादे अक्षर चुकवून मूल्य भरले, तर पायथॉन निमूटपणे नवा चल तयार करतो आणि उत्तर का चुकले हे मूल शोधत बसते. पास्कलचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, अघोषित नाव पाहताच अडतो. महिना १..१२ असा घोषित केला, तर चालू प्रोग्राममध्ये १३ येताच तो तिथेच थांबतो. (फ्री पास्कल या आजच्या पास्कल कंपायलरमध्ये ही तपासणी आपणहून चालू नसते, ती सुरू करणारी ओळ शिक्षकांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून द्यावी.)

यात नोकरी कुठे आहे, हा प्रश्न पालक विचारतातच. अमेरिकेत शाळकरी मुले देतात त्या महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षेत, संगणकशास्त्र विषयासाठी, पास्कलच्या जागी सी प्लस प्लस आली आणि काही वर्षांतच तीही जाऊन जावा आली. बाजाराच्या मागे धावणाऱ्या अभ्यासक्रमाचे असेच होते. सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक वजनदार होता, कारण मूळ पास्कलमध्ये अ‍ॅरेची (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेची) लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग होता आणि वेगवेगळ्या लांबीच्या अ‍ॅरेंसाठी एकच फंक्शन लिहिता येत नसे. फ्री पास्कलमध्ये ती अडचण उरलेली नाही.

आलेख काढायचे असतील किंवा माहितीचे विश्लेषण करायचे असेल, तर पायथॉनच घ्यावी; पण ती दुसऱ्या वर्षी. फ्री पास्कल विनामूल्य आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालते. उणीव आहे ती ताज्या पाठांची, कारण पास्कलचे बरेचसे शिक्षणसाहित्य अजून टर्बो पास्कल या जुन्या पास्कल सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्याच्या काळातले आहे.