सी ड्राइव्हची भाऊबंदकी

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, शेजारी डीमध्ये दोनशे जीबी ओसाड. 'डीमधली थोडी जागा सीला दे की!' असा सल्ला घरातलं कुणीही चहा पिता पिता देतं. मला अशा माणसांचा हेवा वाटतो. त्यांनी डिस्कचे भाग दाखवणारं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलेलं नसतं.

विंडोज आणि एक्स एकदम दाबून येणाऱ्या यादीतून ते उघडा. डावीकडे शंभरेक एमबीचं ईएफआय, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा भाग, मग सी, मग पाचसातशे एमबीचं रिकव्हरी, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचं सामान, मग डी. हे रिकव्हरी म्हणजे वाटणीच्या दिवशीच उगवणारा चुलता: बोलत नाही, पण बांधावरून हलतही नाही. डी श्रिंक, म्हणजे लहान, केला तर जागा सुटते डीच्या उजव्या टोकाला. सीला मात्र आपल्या उजव्या कुशीला चिकटूनच हवी. म्हणून सी वाढवणारं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच राहतं.

तेव्हा डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोनचार फाइल उघडून बघा, मगच डी डिलीट करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर सस्पेंड करा आणि 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा; त्याच लॅपटॉपवर सेव्ह करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता चुलता. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /डिसेबल' (reagentc /disable) दिलं की त्याचं सामान सीमध्ये, सिस्टम32 मधल्या रिकव्हरी फोल्डरात येतं. तिथे 'विनआरई.विम' (winre.wim) ही फाइल खरंच आली का ते पाहा. फाइल लपलेली असते. मग त्याच प्रॉम्प्टमध्ये एकामागून एक: डिस्कपार्ट (diskpart), सिलेक्ट डिस्क आणि डिस्कचा आकडा, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन आणि रिकव्हरीचा आकडा, 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' (delete partition override). साधी फाइल पुसताना दहादा विचारणारं विंडोज इथे एकदाही 'नक्की का?' म्हणत नाही. आकडा चुकला तर विषय संपला.

एवढं झालं की एक्स्टेंड उजळतं. पण चौकट एमबी मागते. शंभर जीबी हवे असतील तर 102400 लिहा. नुसतं 100 लिहिलं तर एवढ्या खटाटोपाच्या बदल्यात सीला शंभर एमबी मिळतात, म्हणजे लग्नाचे काही फोटो. नंतर 'रीएजंटसी /एनेबल'.

उरलेल्या जागेत नवा डी बनवा. मधल्या काळात बाहेरच्या डिस्कने डी हे अक्षर बळकावलेलं असू शकतं. तसं असेल तर आधी तिला 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून दुसरं अक्षर द्या, नाहीतर जुने शॉर्टकट भलत्याच दारावर टकटक करत बसतील.