‘डीएमने मुद्दाम मारलं’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. शनिवारी आमच्याकडे झालेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या वन-शॉटमध्ये, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात, तुमचं पात्र दुसऱ्याच तासाला मेलं, पुढचा दीड तास तुम्हाला नुसतं बसून राहावं लागलं आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तुमच्यावर राग काढला, असं तुम्ही लिहिलं आहे. दीड तास बसून राहावं लागलं त्याबद्दल मनापासून माफी मागते. पात्र गेल्यावर तुमच्या हातात लगेच दुसरं तयार पात्र द्यायला हवं होतं. ते आमच्याकडे नव्हतं, ही आमचीच चूक.

पण ‘मुद्दाम मारलं’ हे वाचून गप्प बसवत नाही. त्या वेळी मी तुमच्याच टेबलापाशी उभी होते.

तुमचा विझार्ड, म्हणजे जादूगार, पहिल्या लेव्हलचा, हिट पॉइंट (पात्राचा जीव) सगळे मिळून 8. बाकीचे तिघे शॉर्ट रेस्ट घेत होते, म्हणजे खेळातली तासभराची विश्रांती. तुम्ही म्हणालात, “तोवर मी पुढचं दार उघडतो.” डीएमने विचारलं, “एकटाच?” तुम्ही हो म्हणालात. आत तीन गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, होते. दोन वार बसले आणि तुम्ही शून्यावर आलात.

त्यानंतरचे डेथ सेव्ह, म्हणजे पडलेलं पात्र जगतं की जातं हे ठरवणारे फासे, तुम्ही स्वतः टाकलेत, सगळ्यांसमोर, तुमच्याच निळ्या फाशाने. वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा त्याहून जास्त आलं तर यश, कमी आलं तर अपयश, आणि तीन अपयशं झाली की पात्र जातं. तुम्हाला आधी 7 पडले, मग 14, मग 1. आणि 1 पडला की दोन अपयशं धरतात. हा नियम आमच्या डीएमने काढलेला नाही. 2014 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकात तो आहे, 2024 च्या आवृत्तीतही आहे. जखमा बऱ्या करणारी क्लेरिक तुमच्याकडे धावत निघाली होती, पण ती दोन खोल्या मागे होती.

एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. खाली पडलेल्या पात्रावर जवळून एक जरी वार बसला, तरी तिथल्या तिथे दोन अपयशं लागतात. गॉब्लिन तुमच्या शेजारीच उभे होते. डीएमने त्यांना वार करायला न लावता तुमची पिशवी उचकायला लावलं. राग काढणारा माणूस असं करेल का?

पात्र मरू शकतं, चालेल ना, हे आम्ही खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला विचारतो. तुम्ही पंचवीस मिनिटं उशिरा आलात, म्हणून डीएमने तुमच्यासाठी ते पुन्हा विचारलं आणि तुम्ही “चालेल” म्हणालात. हे इथे उघड लिहायची माझी इच्छा नव्हती.

त्या मुलाने तीन संध्याकाळी बसून नकाशे काढले होते. तुम्ही गेल्यावर फासे गोळा करता करता त्याने मला विचारलं, “ताई, गॉब्लिन दोनच ठेवायला हवे होते का?” तुमचा रिव्ह्यू वाचल्यापासून तो या शनिवारचं टेबल घ्यायला तयार नाही. आमच्याकडे सहाच टेबलं आहेत आणि नवीन माणूस रिव्ह्यू वाचूनच येतो. माझं घर यावर चालतं. तुम्ही दिलेला एक तारा मला फार लागला, ते लपवत नाही.

तयार पात्रांची फाइल करायला घेतली आहे, गॉब्लिनच्या संख्येचंही बघू. पुन्हा आलात तर तुमच्यासाठी खुर्ची आहे, डीएम दुसरा हवा असेल तर तसं आधी कळवा.

तुमचा निळा फासा टेबलाखाली सापडला. काउंटरवर डबीत ठेवला आहे, केव्हाही येऊन घेऊन जा.