धुके पुसणाऱ्यांना विनंती

जुन्या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली, की नव्या पेठेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून वाढलेल्या आमच्या सोलापुरी मित्रमंडळींत ‘आता ग्राफिक्स कसले भारी असतील’ हा एकच जप सुरू होतो आणि माझे डोके उठते. नव्याने घडवायला माझी हरकत नाही. १९९८ चा ‘रेसिडेंट एव्हिल २’ २०१९ मध्ये कॅमेऱ्यापासून पुन्हा उभा केला गेला आणि तो उत्तम झाला. संताप येतो तो नुसत्या रंगसफेदीचा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतल्या ‘सॅन अँड्रियास’ या गेममध्ये दूरवर जे धुके दिसे, ते जुन्या यंत्रांची मर्यादा झाकण्यासाठी होते, हे खरे, पण त्यामुळेच एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना लांबचा प्रवास केल्यासारखे वाटे. २०२१ च्या आवृत्तीत ते धुके पुसले गेले आणि डोंगरावर उभे राहिले, की सगळे राज्य एखाद्या टेबलावर मांडल्यासारखे दिसू लागले. पावसाच्या रेघा तर इतक्या ठळक होत्या, की समोरचा रस्ता दिसेना! (अवर्षणाची सवय असलेल्या आम्हांलाही तो पाऊस नकोसा झाला.) त्यावर कळस म्हणजे मूळ गेम आधीच डिजिटल दुकानांतून काढून घेतले होते, आरडाओरडा झाल्यावर ते पीसीसाठी परत मिळाले. नवे जरूर विका, हवी ती किंमत लावा, पण जुने त्याच्या शेजारीच विक्रीला राहू द्या, एवढे साधे मागणे दर वेळी नव्याने का करावे लागते?