बेसिन तुंबलं की ॲसिड ओता म्हणणाऱ्यांनो, खालचा पाइप कुणी बघायचा?

आज सकाळी पुन्हा तेच. लेकीनं दात घासले, चूळ भरली, अन् ते पांढरं फेसाळ पाणी बेसिनात उभंच्या उभं राहिलं. सव्वासहाला तिला क्लासला निघायचं असतं, तिला दोष काय द्यायचा. तिच्यामागून मी तोंड धुवायला गेले तर तिच्या चुळीचं पाणी माझ्या हाताला लागायची वेळ. मग्यानं उपसून न्हाणीत टाकलं. चार महिने झाले, रोज सकाळी हेच करतेय. वेळेवर भाडं द्यायचं, वर डिपॉझिट द्यायचं, अन् साधं तोंड धुवायची सोय नाही!

आम्ही अहमदपूरकडचे. लेकीच्या नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी दोन वर्षं लातुरात खोली करून राहिलोय; हे शेतीवर असतात, रविवारी येतात. माझ्यासारख्या कितीतरी आया या गावात लेकरांमागं येऊन राहिल्यात, अन् त्यांच्या जिवावर मजल्यावर मजले चढलेत. खोली दाखवताना मालकांनी फरशी दाखवली, गिझर दाखवला, चकचकीत बेसिन दाखवलं. खाली वाकून पाइप बघावा हे मला सुचलं नाही. आता कुणी विचारलं तर पहिलं तेच सांगते. खोली बघायला गेलात तर बेसिन काठोकाठ भरा, एकदम सोडा, अन् पाणी कसं जातंय ते उभं राहून बघा. मालक नाराज झाले तर होऊ द्या.

तक्रार केली तेव्हा मालकांनी प्लंबर धाडला. त्यानं वाकून खाली बघितलंसुद्धा नाही. "ताई, बोअरच्या पाण्याला हे असंच होतंय. ॲसिड टाकतो, दोन मिनिटांत मोकळं," म्हणाला, अन् थंड पेयाच्या जुन्या बाटलीतून भडाभडा ओतलं. बाटलीवर ना नाव, ना सूचना. खोलीभर असा उग्र धूर झाला की लेक खोकत खोकत गॅलरीत पळाली. पाचशे रुपये घेऊन तो गेला. चार दिवस पाणी बरं गेलं. पाचव्या दिवशी पुन्हा तळं. वर जाळीची चमक गेली, ती काळी पडली, अन् खालच्या फरशीवर जिथं थेंब उडाले तिथं पांढरे खड्डे पडलेत. उद्या खोली सोडताना त्या डागांचे पैसे माझ्याच डिपॉझिटमधून कापतील, हेही मला माहीत आहे.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ॲसिड असं कुणालाही उघड्यावर विकायचं नाही, घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवून ओळखपत्र बघायचं. अन् इथं ते पिण्याच्या बाटलीत भरून घराघरात फिरतंय. त्या दिवशी ती बाटली तो बेसिनाखालीच ठेवून गेला होता, "लागली तर वापरा" म्हणून. घरात पाहुण्यांचं लहान लेकरू असतं तर? विचार करूनच अंगावर काटा येतो.

अन् एवढं करून उपयोग काय? संडास धुवायचं जे ॲसिड असतं ते क्षाराचा थर खातं. केसांच्या गुंत्याला त्यानं फारसं काही होत नाही, अन् बेसिन तुंबतं ते जास्त करून केसांनीच. केस विरघळवतो तो कॉस्टिक सोडा, ती पुडीतली पावडर. पण पाइप पूर्ण तुंबलेला असताना ती टाकली तर आतल्या आत दगडासारखी घट्ट बसते, अन् मग कुणीतरी त्याच्यावर ॲसिड ओतलं तर उकळून तोंडावर उडतं. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर गेली तर क्लोरीनचा विषारी वायू होतो. हे सांगायला कामून कुणी येत नाही? आमच्या जाऊबाईंनी खायचा सोडा अन् व्हिनेगरचा व्हिडिओ पाठवला. फेस लई येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात अन् मागं उरतं ते खारट पाणी. उकळतं पाणी ओता म्हणणारेही आहेत. तो पाइप प्लास्टिकचा आहे, उकळत्या पाण्यानं मऊ पडतो, सांधे सैल होतात.

शेवटी एका रविवारी मीच खोललं. खाली बादली ठेवली, जाळीखालचा प्लास्टिकचा नट हातानं फिरवला, निघाला. पाना लागला नाही, काही नाही. पाच मिनिटांचं काम! याच्यासाठी इतके दिवस मी पाणी उपसत होते अन् याच्यासाठी त्या माणसानं पाचशे रुपये नेले.

आतून काय निघालं ते ऐकाच. वीतभर लांब केसांचा गुंता, काळा, बुळबुळीत. त्यात अडकलेल्या टिकल्या, एक कानातल्याची फिरकी, दोन पिना. अन् मेणासारखे करडे-पांढरे गोळे. ते गोळे म्हणजे आपलं बोअरचं पाणी अन् साबण. आपल्या काळ्या दगडातून येणारं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. म्हणून फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. तोच क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका होतो अन् पाइपला आतून लिंपण घालतो. त्याच्यावर डोक्याचं खोबरेल तेल. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते हे काय मी सांगायचं? हातातोंडावरून पाइपात गेलेलं तेल तिथंही तसंच गोठतं. म्हणून तर दिवाळीनंतर बेसिन जास्त तुंबायला लागलं. केस धरून ठेवतात, तेल-साबण चिकटतो, टूथपेस्टची भुकटी बसते, अन् भाकरीचं पीठ मळून मी त्याच बेसिनात हात धुवायची, ती चूक माझी. आता परातीतच धुते.

पण सगळ्यात तळाशी काय होतं? पुट्टी! भिंतीला लावायची पांढरी पुट्टी, टणक झालेली, पाइपच्या वळ्यावळ्यांत बसलेली. म्हणजे आम्ही राहायला यायच्या आधीच रंगाऱ्यानं आपली पुट्टी लावायची पत्री अन् डबे या बेसिनात धुतले होते. अन् मालक मला म्हणतात, "तुमच्या पोरीचे केस लांब आहेत."

तो पाइप तर बघावा! वळ्यावळ्यांचा, स्वस्तातला, वाकेल तसा वाकणारा. प्रत्येक वळीत घाण बसायला जागा. खाली ट्रॅप नाहीच. ट्रॅप म्हणजे ते वळण किंवा ती बाटली, ज्यात थोडं पाणी कायम राहतं अन् गटाराचा वास, झुरळं वर येत नाहीत. शिवाय केस, फिरकी जे काय असेल ते बाटलीच्या तळाशी पडतं, तळ फिरवून काढलं की साफ. इथं पाइप नुसता भिंतीतल्या भोकात खुपसून पांढऱ्या सिमेंटनं बुजवलाय. अन् ते भोक! पाइप खाली येतो, झोळीसारखा लोंबतो, अन् भोकात शिरायला पुन्हा चार बोटं वर चढतो. पाणी चढ चढतं का कुठं? फुटाला पाव इंच तरी उतार पाहिजे, हे गवंड्याला ठाऊक नव्हतं? त्या झोळीत पाणी कायम साचलेलं, घाण तिथंच बसणार. आता यात माझ्या लेकीचे केस काय करतील अन् ॲसिड तरी काय करील?

अन् याचा राग मला या गावात जास्त येतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं इथं. त्या दिवसांनंतर लातुरात कोण नळ मोकळा सोडून तोंड धुतो? आमच्या गल्लीत आठवड्यानं नळ येतो, बाकी बोअर अन् टँकर. आम्ही मग्यानं, बारीक धारेनं वापरतो. बारीक धारेत पाइपातली घाण वाहून जात नाही, तिथंच बसते. मग जिथं पाणी कमी अन् तेही जड, तिथं पाइप जास्त चांगला पाहिजे ना? सरळ, गुळगुळीत, नीट उताराचा, खोलता येणारा. पुण्या-मुंबईत कसंही बसवा, धो धो पाण्यानं वाहून जाईल. इथं जाणार नाही! अन् इथंच सगळ्यात फालतू पाइप लावायचा, का तर भाडेकरू बघत नाही.

आता मी जाळीवर वीस रुपयांची बारीक जाळी ठेवलीय. लेकीनं केस विंचरायचे ते खोलीत, कागदावर. काटेरी प्लास्टिकची पट्टी आणलीय, दर रविवारी आत घालून ओढते, काही ना काही निघतंच. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी न्हाणीत न ओतता बेसिन काठोकाठ भरते अन् एकदम सोडते, त्या लोंढ्यानं पाइप धुतला जातो. नवं पाणी त्याला एक थेंब लागत नाही. रबरी पंप मारायचा असेल तर बेसिनाच्या वरच्या बाजूचं ते छोटं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. मी महिनाभर उगाच पंप मारत बसले, हे कुणी सांगितलं नाही म्हणून.

तरी झोळी आहे तिथंच आहे, म्हणून आज पुन्हा तुंबलं.

दुपारी मालकांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही कशाला खोललं ताई? थांबा, ॲसिड पाठवतो." मी म्हणलं, ॲसिड दारातसुद्धा आणू देणार नाही. बॉटल ट्रॅप पाठवा, साधा सरळ पाइप पाठवा, अन् भिंतीतलं भोक चार बोटं खाली घ्यायला छिन्नी-हातोडा घेऊन माणूस पाठवा. रविवारपर्यंत नाही आला तर मी माझा माणूस लावते अन् पुढच्या भाड्यातून पैसे कापते. त्यांनी फोन ठेवला. पावत्या मी जपून ठेवतेय.