अणुवीज केंद्रावरच्या थरारकथेत खलनायक कुठून यावा?

अणुवीज केंद्रावर दहशतवाद्यांचा हल्ला, या विषयावरच्या थरारक कादंबऱ्या मी आवडीने घेतो आणि बहुतेक वेळा चिडून मिटतो. बुरखेधारी टोळी, हेलिकॉप्टर, उलटी मोजणी, आणि 'आता हिरोशिमा होणार'. नाही हो होणार! जगातल्या बहुतेक वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार, पाच टक्क्यांच्या आतच असतं. एवढ्या कमी प्रमाणावर त्या इंधनाचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही.

खरा धोका उष्णतेचा. भट्टी बंद केली तरी सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. ती झपाट्याने उतरते, पण पाणी कितीतरी दिवस फिरवत ठेवावं लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरांत शिरलं, भट्ट्या गार ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. म्हणजे लेखकाला बॉम्बची गरजच नाही, वीज आणि पंप पुरेत.

आणि हे करणारा कुंपणावरून उडी मारून कशाला येईल? दक्षिण आफ्रिकेतल्या कुबर्ग अणुवीज प्रकल्पात डिसेंबर १९८२ मध्ये चार स्फोट झाले. सुरुंग आत नेणारा रॉडनी विल्किन्सन तिथेच कामाला होता, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेसाठी त्यानं ते केलं. भट्टीत इंधन भरलेलं नव्हतं, कोणी दगावलं नाही. वर्णद्वेषी सरकारच्या लेखी तो दहशतवादी. मला तसं म्हणवत नाही, आणि कादंबरी खरी रंगते ती असल्या माणसाभोवती.

बेल्जियममधल्या डूल ४ या अणुभट्टीची गोष्ट तर याहून अस्वस्थ करणारी. ऑगस्ट २०१४ मध्ये कुणीतरी एक व्हॉल्व्ह उघडला, टर्बाइनचं सुमारे ६५ हजार लिटर वंगण तेल वाहून गेलं. टर्बाइनचं जबर नुकसान झालं, भट्टी कित्येक महिने बंद राहिली. किरणोत्सार नाही, धमकीचं पत्र नाही, मागणी नाही. संशय आतल्याच माणसावर, पण नाव पुढे आलं नाही.

आपल्याकडे १९६९ पासून तारापूर आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमातल्यांसारख्याच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. मराठीत अशी कादंबरी कुणी लिहिणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, टोळी नको. रोज गेटपास दाखवून शिफ्टला येणारा, सगळ्यांच्या ओळखीचा एक माणूस घ्या आणि तो व्हॉल्व्हपर्यंत का पोचला ते लिहा.